शांत पेशींची डॉक्टर

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एकावर माझ्या नावाची पाटी, दुसऱ्यावर 'डॉ. धम्मदीना हुमणे'. ही दुसरी पाटी लागली तेव्हा सगळी बिल्डिंग खूश झाली होती. घरात नाही तर निदान जिन्यात डॉक्टर असावा, असं प्रत्येकाला वाटतंच. सर्दीला गोळी, जाता-येता बीपी, ऑफिसात द्यायला सर्टिफिकेट, असे सगळ्यांचे बेत होते. महिनाभरात ते मोडले. कुणी छातीत दुखतं म्हणून गेलं तरी ही आधी त्याच्या बोटांची पेरं दाबायची आणि विचारायची, "सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेली असतात?" खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा मला म्हणाले, "डॉक्टर चांगली आहे हो भिया, पण आपल्याला जो रोग होतो तो तिला पसंत नाही."

तिला पसंत असलेला रोग एकच. संधिवात. तोही तुमच्या-माझ्यासारख्या वापरून झिजलेल्या गुडघ्यांचा नव्हे. शरीराच्या राखणीला ठेवलेल्या पेशी एक दिवस डोकं फिरल्यासारख्या आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात आणि तिशीतल्या बाईला वेणी घालता येत नाही, तो संधिवात. संध्याकाळी ती पलासियाला दवाखान्यात बसायची आणि दिवसभर भंवरकुआंकडच्या एका संशोधन संस्थेत त्या पेशींच्या मागे असायची.

धम्मदीनाचे आजोबा नथू हुमणे फौजेत, महूच्या छावणीत होते. पेन्शन झाल्यावर महूतच राहिले. वडील बँकेत होते, ते लवकर गेले. आई मंजुळाबाई महूला बालवाडी चालवायच्या आणि निवृत्त होऊन मुलीकडे राहायला आल्यावरही जगाकडे बालवाडीसारखंच बघायच्या: कुणाचं नाक वाहतंय, कुणी डबा खाल्ला नाही, कोण कोपऱ्यात रडतंय. या मंजुळाबाईंना स्वतःलाच हा रोग होता. धम्मदीना कॉलेजात असताना त्यांची बोटं वाकडी व्हायला लागली. मुलीने हाच रोग का धरला, हे कुणी विचारायची गरज नव्हती. त्यांच्या घरी चहाचा कप मंजुळाबाई दोन्ही तळव्यांत धरायच्या, तेवढं बघितलं की समजायचं.

एकदा मी तिला विचारलं, "तू नेमकं शोधतेस काय?"

"काका, भांडण बघितलंय ना तुम्ही आपल्या चौराह्यावर?"

"रोज बघतो."

"दोघं एकमेकांची कॉलर धरतात. बघे जमतात. मग त्यातला एक जण मध्ये पडतो आणि काय म्हणतो?"

"जाने दो भिया."

"बस. तसल्या पेशी असतात रक्तात. त्यांचं कामच ते, भांडणाऱ्या पेशींना आवरायचं. या रोगात त्या सांध्यात असतात, पण त्यांचं कुणी ऐकत नाही. का ऐकत नाही, ते शोधते मी."

तेव्हापासून आमच्या घरात त्या पेशींचं नाव 'जाने दो भिया' पडलं. शास्त्रात त्यांना लांबलचक इंग्रजी नाव आहे. पण माझी बायको शशिकला म्हणते, की आपल्या रक्तात आहेत तर नावही आपल्याला घेता येईल असं असावं.

तर ह्या पेशींसाठी धम्मदीनाला सुजलेल्या गुडघ्यातलं पाणी लागायचं. आणि अट अशी, की बाई नुकती आजारी पडलेली हवी आणि तिने स्टेरॉइड अजून घेतलेलं नको. स्टेरॉइडने सूज झटकन उतरते, पण सोबत सगळ्या पेशींचा स्वभावच बदलतो. पाणी काढलं की त्याच दिवशी औषध सुरू करायचं, पण त्याआधी नाही. आता असा रुग्ण मिळणं महाकठीण. लोक डॉक्टरकडे पोचेपर्यंत मेडिकलवाल्याच्या, शेजारणीच्या, नणंदेच्या गोळ्या पोटात गेलेल्या असतात. वर्ष गेलं आणि पाणी जमलं वाटीभर. धम्मदीना हताश होऊन एक दिवस आईजवळ बोलली, आणि मंजुळाबाईंनी पदर खोचला.

दर रविवारी त्या महूला विहारात वंदनेला जायच्या. तिथल्या महिला मंडळात त्यांच्या बालवाडीत शिकलेल्या मुली आता आज्या झाल्या होत्या. महू, आजूबाजूची खेडी, पार बेटम्यापर्यंत कुणाचा गुडघा सुजला, कुणाची बोटं आखडली, याची खबर मंडळात यायची. मंजुळाबाई त्या बाईच्या घरी जायच्या, तिची पेरं दाबायच्या (मुलीचं बघून शिकल्या होत्या) आणि पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी तिला बसने पलासियाला हजर करायच्या. "हिने काही घेतलेलं नाही," असं ठणकावून सांगायच्या. बाया पण माना डोलवायच्या. दवाखान्यात मंगळवारी असं काही 'जयभीम, जयभीम' व्हायचं, की औषध कंपनीचे प्रतिनिधीसुद्धा नकळत हात जोडून जयभीम करून आत जायचे.

आणि त्या पाण्यात चमत्कार निघाला. धम्मदीना चमत्कार म्हणाली नसती, तिला तो शब्द चालत नाही. तिचा सहायक शंतनु मात्र म्हणाला. शंतनु भंवरकुआंला खोली घेऊन राहायचा आणि जेवायला मंजुळाबाईंकडे असायचा, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या बातम्या आमच्या मजल्यावर गरम गरम यायच्या. तो सांगत होता, "काका, बशीत भांडणाऱ्या पेशी टाकल्या, वरून या बायांच्या 'जाने दो भिया' सोडल्या, आणि एकदम शांत! सगळं भांडण बंद! जगात आतापर्यंत सगळे म्हणत आले की सांध्यात यांचं कुणी ऐकत नाही. आमच्यात ऐकतात!"

म्हणजे रोगाच्या अगदी सुरुवातीला शरीर स्वतःच आग विझवायला निघालेलं असतं, त्या दिवसांतल्या पेशी पकडल्या, वाढवल्या आणि त्याच माणसात परत सोडल्या, तर रोग तिथेच थांबेल. हे छापून आलं. परदेशातल्या नियतकालिकात आलं. संस्थेचे संचालक डॉ. यशवर्धन पंवार यांनी धम्मदीनाला गुलदस्ता दिला आणि फोटोत स्वतः मध्ये उभे राहिले. प्रत्यक्ष उपचाराची तयारी सुरू झाली. पहिली रुग्ण म्हणून खुशी नावाची मुलगी ठरली. ती बँकेच्या परीक्षेसाठी कोचिंगला आलेली, बाविशीतली, आणि माउस धरता येत नव्हता. ती धम्मदीनाला रोज एक मेसेज करायची: "मॅडम, अपना नंबर कब?"

इथपर्यंतची गोष्ट मला सांगायला आवडते. पुढची आवडत नाही.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेने हाच प्रयोग केला. त्यांच्याकडे 'जाने दो भिया'चं कुणी ऐकेना. धम्मदीना म्हणाली, त्यांचे रुग्ण जुने असतील. मग तिने स्वतः नवे रुग्ण घेतले, या वेळी शहरातल्या दोन-तीन डॉक्टर मित्रांनी पाठवलेले. पेशी तिच्याही ऐकेनात. शंतनुने यंत्र तपासलं, रसायनं बदलली, पाण्याचा फिल्टर बदलला, शेवटी बशी ठेवायची जागा बदलली. काही नाही. पेशी भांडतच राहिल्या.

त्या दिवसांत धम्मदीना बघवत नव्हती. घरात जायच्याऐवजी जिन्यातच बसायची, बॅग मांडीवर, सँडल एका पायात. मी भाजी घेऊन आलो की सरकून वाट द्यायची.

"काय गं, इथे का?"

"आत गेले की आई विचारते, आज ऐकलं का त्यांनी. काय सांगू तिला रोज?"

"अगं, पेशीच त्या. त्यांचाही मूड असेल."

"काका, पेशींना मूड नसतो." मग जरा वेळाने, "चूक माझी असते. कुठेतरी चूक आहे आणि मला दिसत नाहीये. मी खुशीला काय सांगितलंय माहीत आहे? दिवाळीपर्यंत. मी असं बोलायलाच नको होतं."

मी पिशवीतून काढून तिला एक पेरू दिला. तिने तो हातात धरला आणि तशीच बसून राहिली.

मग तो रविवार आला. मंजुळाबाई महूहून परतल्या होत्या, आम्ही दोघं त्यांच्याकडे चहाला बसलो होतो, आणि शशिकला अगदी कौतुकाने म्हणाली, "मंजुळाताई, तब्येत काय छान सुधारलीय हो तुमची! गाल बघा कसे भरलेत. बाळसं धरलंय अगदी!"

मंजुळाबाई लाजल्या. आणि धम्मदीनाने मान वर करून आईकडे बघितलं. मुलगी आईकडे बघते तसं नाही, डॉक्टर रुग्णाकडे बघते तसं. बहुतेक पहिल्यांदाच. तिने उठून आईची बाही वर सरकवली. दंडावर जांभळे डाग होते, कुठे लागल्यासारखे. कातडी कागदासारखी पातळ.

"आई, तू काय घेतेस?"

"काय म्हणजे? तू देते त्या गोळ्या."

"त्याशिवाय."

"चहा."

"आई!"

मंजुळाबाई आत गेल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत पांढऱ्या कागदाच्या पुड्या, एकसारख्या घडीच्या, बालवाडीत शिकवल्यासारख्या. "बेटम्याकडे एक वैद्यजी आहेत, त्यांची. आधी नाही सांगितलं तुला, तू चिडली असती. पण मी काय अंगारा खाल्ला का? ताईत बांधला? औषध आहे हे, औषध! तुझ्या गोळ्यांनी माझी मूठ मिटत नव्हती. हे घेतलं आणि तिसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटल्या. तुलाच तर खायला दिल्या."

"मला वाटलं माझ्या गोळ्यांनी..." धम्मदीना थांबली. तिने पुडी उघडली, वास घेतला, परत मिटली. तिचा आवाज अगदी हळू झाला. "आई, आणखी कुणाला दिलंस हे?"

मंजुळाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. शशिकलाने बशी खाली ठेवली. आमच्या फ्रिजवरही तसलीच एक पुडी होती, हे मला घरी गेल्यावर समजलं.

"माझ्याकडे ज्या बाया आणल्यास, त्यांना दिलंस?"

"अगं, त्यांना तुझ्याकडे आणायचं तर उठता यायला पाहिजे की नाही? महूच्या बसची पायरी केवढी उंच असते, तू कधी चढली का? आठवडाभर त्या बाया तशाच तडफडत ठेवू? तू म्हणाली, इंग्रजी औषध नको. मी कुठे इंग्रजी दिलं? वनस्पती आहे ती. आठवडाभर दिलं आणि मंगळवारी कशा टकाटक चालत आल्या!"

धम्मदीना खाली बसली, खुर्ची होती तिथे नाही, जमिनीवर. पुडीत काय आहे ते तपासायला तिने दुसऱ्या दिवशी पाठवलं, पण आईचे गाल आणि दंड बघून तिला तेव्हाच कळलं होतं. वनस्पतीत कुटून मिसळलेलं स्टेरॉइड. बशीतलं भांडण 'जाने दो भिया'ने थांबवलं नव्हतं. बेटम्याच्या पुडीने थांबवलं होतं.

आता प्रश्न एकच उरला: पुडी कुणाकुणाला गेली? सगळ्यांना, की थोड्यांना? थोड्याच असतील, तर त्या वगळून बाकीच्यांच्या पेशी बघता येतील. कदाचित शोध लंगडत का होईना उभा राहील. धम्मदीना या एका आशेला लटकली. आईला आठवेना. "कुणाला दिली, कुणाला नाही, मी काय हजेरी घेत होती का?" मग शंतनुने एकेकीला फोन लावला.

सगळ्या नाही म्हणाल्या.

"नाही हो सर, कसली पुडी?" "मी तर पाणीसुद्धा उकळून पिते." "मंजुळामावशी? त्यांनी तर मला चहासुद्धा नाही दिला." एकीने तर "पुडी म्हणजे काय?" असं विचारलं. शंतनुने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, महूमध्ये पुडी म्हणजे काय हे माहीत नसलेली बाई असू शकते?"

यशवर्धन सर मात्र खुलले. "सब ने मना किया ना? लिखकर ठेवा. चॅप्टर क्लोज, मॅडम." ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना पेपर वाचवायचा होता, संस्था वाचवायची होती, आणि त्या भरात धम्मदीनालाही वाचवायचं होतं.

धम्मदीना घरी आली आणि आईसमोर उभी राहिली. "तू फोन केलेस ना सगळ्यांना? शंतनुच्या आधी?"

मंजुळाबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "केले."

"का?"

"तुझा चेहरा बघितला मी त्या दिवशी. तुझे बापू गेले तेव्हासुद्धा तुझा असा चेहरा नव्हता. म्हटलं, त्या नाही म्हणतील तर तुझं काम वाचेल."

"आई, दर रविवारी चौथं शील म्हणता ना तुम्ही सगळ्या? खोटं बोलणार नाही म्हणून?"

"म्हणतो," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण तू त्यांची डॉक्टर आहेस गं. तुझ्यासाठी एवढं तर कुणीपण करेल."

पुढच्या रविवारी मंजुळाबाई विहारात वंदना झाल्यावर उभ्या राहिल्या. शशिकला सोबत गेली होती, तिने मला सांगितलं. त्या म्हणाल्या, "बायांनो, माझी चूक झाली. मी तुम्हाला पुडी दिली आणि वर खोटं बोलायला लावलं. आता खरं सांगा. खरं सांगाल तर माझ्या पोरीचं भलं होईल." मग एक हात वर झाला. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत शंतनुचा फोन वाजायचा थांबेना.

आता सगळ्या हो म्हणाल्या.

"घेतली होती सर. दोन वेळा घेतली." "मी पण घेतली, सर, लिहून घ्या." जिने पुडी म्हणजे काय विचारलं होतं, तिने आता पुडीची चव सांगितली. आणि कळस म्हणजे देवासची एक बाई. ती थेट दवाखान्यात आली होती, तिचं पाणीसुद्धा कधी काढलेलं नव्हतं, आणि मंजुळाबाईंना तिने आयुष्यात बघितलेलं नव्हतं. मंडळातल्या भाचीकडून तिला निरोप गेला आणि तिनेही फोन करून कबुली दिली. शंतनु म्हणाला, "पण मावशी, तुम्हाला पुडी दिली कुणी?" ती म्हणाली, "ते काही माहीत नाही भैया, पण मॅडमचं भलं होत असेल तर मी घेतली."

शंतनु हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मग आमचं दोघांचं लक्ष धम्मदीनाकडे गेलं आणि हसू थांबलं. ती भिंतीला डोकं टेकून उभी होती. "काका," ती म्हणाली, "या बायकांनी मला खरं सांगायला कुणी शिल्लकच ठेवलं नाही. आधी माझ्यासाठी नाही म्हणाल्या, आता माझ्यासाठी हो म्हणतायत. एवढं प्रेम आहे की त्यातून मला काही दिसतच नाही."

यशवर्धन सरांना तर मार्गच सापडला. "देखिए, दुसरा जवाब प्रेशर में दिया है. पहिला जवाब रेकॉर्डवर आहे. उसी पर चलते हैं. कुणाला नुकसान?" शंतनु सांगत होता, मॅडमनी पहिल्या जबाबाचे कागद ओढून घेतले आणि परत परत चाळले. त्याला वाटलं, हो म्हणतात आता. मलाही वाटतं, तिला ते वाटून गेलं असेल. खुशीचा मेसेज त्या दिवशीही आला होता.

घरी येऊन तिने आईला एवढंच विचारलं, "एक तरी बाई अशी सांग, जिला तू पुडी नक्की दिली नाहीस. शपथेवर."

मंजुळाबाईंना या वेळी क्षणभरही आठवावं लागलं नाही. "द्रौपदा रामटेके. तिला मी विषसुद्धा देणार नाही. महिला मंडळाच्या निवडणुकीत तिने मला काय काय म्हटलं होतं! तिला तर मी आणलंपण नव्हतं, स्वतःच आली मेली."

धम्मदीना दुसऱ्या दिवशी सकाळीच महूला गेली, मी गाडी चालवत होतो. द्रौपदाबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. गुडघा भोपळ्याएवढा.

"तुमच्या आईच्या हातचं मी पाणी पीत नाही, पुडी कशाला घेऊ?" त्या कडाडल्या. "तिने निरोप पाठवला होता, हो म्हण म्हणून. मी म्हटलं, मंजुळाने सांगितलं म्हणून मी काल रविवार होता हेसुद्धा कबूल करणार नाही."

धम्मदीनाने वाकून त्यांचा गुडघा हातात घेतला. "मावशी, अजून दुखतं?"

"दुखणार नाही तर काय गाणं म्हणेल? तुझ्या गोळ्यांनी थोडं कमी आहे. थोडंच."

परतताना धम्मदीनाने मला गाडी थेट संस्थेकडे घ्यायला लावली. संस्थेत पोचल्यावर तिने द्रौपदाबाईंचे आकडे काढले. ते मूळ पेपरात नव्हतेच. तेव्हा ते बाकीच्यांशी जुळत नव्हते. त्या पाण्यातल्या पेशी बेफाम भांडत होत्या. पाणी काढताना किंवा नेताना काही बिघडलं असावं, असं ठरवून धम्मदीनानेच ते सॅम्पल बाजूला काढलं होतं. नियमाला धरूनच. सगळ्या ढिगात खरं बोललेलं तेवढं एकच पाणी होतं, आणि ते तिने खराब म्हणून टाकलं होतं.

तिने पेपर मागे घेतला. नियतकालिकाने तशी सूचना छापली, कोरडी, चार ओळींची. उपचाराची परवानगी रद्द झाली, प्रकल्प बंद झाला. यशवर्धन सर भेटले की आता घड्याळात बघतात. शंतनु मुलाखती देत फिरतोय. खुशी दवाखान्यात आली, तिला धम्मदीनाने समोर बसवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मतलब मॅडम, वो पेशी थी ही नहीं?" धम्मदीना म्हणाली, "पेशी आहेत. त्यांचं कुणी ऐकत नाही." खुशीने मान हलवली, तिला बहुतेक तेवढं तर आधीपासूनच माहीत होतं. नेहमीच्या गोळ्या लिहून घेतल्या आणि कागद दोन मनगटांत धरून गेली.

महूच्या बायाही येईनाशा झाल्या. रागाने नाही. लाजेने. मॅडमला तोंड कसं दाखवायचं, म्हणून मंगळवारी पलासियाला येणाऱ्या बसमध्ये कुणी बसत नाही, सुजलेले गुडघे घेऊन घरीच राहतात. धम्मदीनाने दोघी-तिघींना फोन केले, की औषध तरी घ्यायला या. "येतो ना मॅडम, येतो," म्हणाल्या. आल्या नाहीत. मंजुळाबाईंनी विहारात जाणं सोडलं.

त्यांची पुडी एकदम बंद करता येत नव्हती. इतके महिने खाल्ल्यावर अंगाला तिची सवय लागलेली असते, म्हणून थोडी थोडी कमी करत आणावी लागली. गाल उतरले. आणि त्याबरोबर इतके दिवस दबून बसलेलं सगळं वर आलं. सकाळी त्यांना पलंगावरून उठवायला शशिकला जायची. कप आता तळव्यांतही धरवत नव्हता. बशी तोंडाजवळ धरावी लागायची. पण बाई एकदाही हाय म्हटली नाही. विचारलं की, "ठीक आहे. कालच्यापेक्षा बरं आहे." रोज कालच्यापेक्षा बरं असायचं आणि रोज पाऊल आणखी कमी उचललं जायचं.

परवा त्यांचा उजवा गुडघा इतका फुगला की पाणी काढण्यावाचून इलाज नव्हता. मी त्यांना गाडीतून पलासियाला नेलं, दवाखान्यातल्या शिपायाने आणि मी मिळून आत नेलं. धम्मदीनाने स्वतः सुई घातली. पिवळसर, गढूळ पाणी सिरिंजमध्ये चढत गेलं. मंजुळाबाई छताकडे बघत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "बरंच निघालं गं. तुझ्या कामाला येईल का?"

"नाही, आई."

"पुडीमुळे?"

"पुडीमुळे. आणि आता काम पण नाहीये ते."

"मग फेकणार?"

"हो."

धम्मदीनाने कापूस दाबून धरला होता, तिचा अंगठा पांढरा पडला होता.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"नाही गं. एकदम मस्त. कालच्यापेक्षा कितीतरी बरं."

"आई." धम्मदीनाने मान वर केली नाही. "मला आता कुणीच खरं सांगत नाही. तू तरी सांग."

मंजुळाबाईंनी वाकड्या बोटांनी मुलीचं मनगट धरायचा प्रयत्न केला. ते धरता येईना, म्हणून नुसता हात त्यावर ठेवला.

"दुखतंय," त्या म्हणाल्या. "खूप दुखतंय, धम्मा. सगळीकडे दुखतंय."

धम्मदीनाने दुसरी खुर्ची ओढली, आईच्या हाताशी बसली, आणि विचारलं, "कुठून सुरू होतं? सकाळी उठल्यापासून सांग."